न आलेल्या माणसांची तहान

चैत्र उतरणीला लागला की आमच्या विहिरीच्या पाण्यावर कडुनिंबाचा मोहर पडतो. पांढरा, तांदळाच्या कणीएवढा. आण्याच्या पठारावरनं तापलेला वारा खाली येतो आणि तो मोहर पाण्याच्या एका कडेला लोटून ठेवतो, बाई अंगणातला केर कोपऱ्याला लावते तसा. यंदाही पडलाय. मी कठड्यावर बसून बघतोय. पाणी लांब गेलंय खाली. त्यात आभाळाचा एक तुकडा आहे, आणि त्या तुकड्याच्या कडेला टोपी घातलेलं एक काळं डोकं. ते माझं.

असं बसलं की मला तो एक उन्हाळा आठवतो. फार जुना नाही, दोन-तीन वर्षांमागचा. पण म्हाताऱ्या माणसाला कालचं लांब जातं आणि लांबचं जवळ येतं, म्हणून तो उन्हाळा माझ्या मनात कुठंतरी लहानपणाच्या शेजारीच जाऊन बसलाय. कांद्याच्या पातीचा वास, वाळत घातलेल्या शेवया, दुपारी पत्र्याचं तडतडणं, आणि आमच्या माळावर एक नसलेलं शहर.

आमची वाडी राजुरीच्या वरच्या अंगाला, आण्याकडची चढण लागते तिच्या अलीकडं. घरं थोडी, माणसं त्याहून थोडी. जवान पोरं सगळी चाकणला, पुण्याला. माझा मुलगाही तिकडंच, शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. वाडीच्या खाली मुरमाड माळ आहे, हायवेपर्यंत पसरलेला. त्यावर माझ्या जन्मात कुसळाशिवाय काही उगवलं नाही. तिथं शहर होणार, असं त्या फाल्गुनात कळलं. कागदावर त्याचं नाव मोठं होतं, प्रस्तावित नागरी विकास क्षेत्र. माझ्या तोंडात ते बसेना. मी तिसरी शिकलेला माणूस. मी नुसतं 'नगर' म्हणायचो.

आणि नगराच्या आधी आली पाणी मोजणारी मॅडम.

सोलापूरकडची पोरगी, डोक्यावर मुलांसारखी टोपी, पायात बूट. प्राची नाव. जीपमधनं उतरली आणि भर दुपारी त्या माळावर चालायला लागली. मी शेळी शोधत तिकडं गेलो होतो. म्हटलं, ही एकटी बाई उन्हात काय हरवलंय म्हणून फिरतीय. विचारलं तर हसली.

"हरवलं नाही आजोबा. इथं जे येणार आहे ते बघतेय. हे बघा, इथून तिथपर्यंत घरं. त्या टेकाडावर टाकी. तिकडं दवाखाना, शाळा, बाजार."

मी बघितलं. दुपारची वेळ. माळाच्या त्या टोकाला मृगजळ हलत होतं. ऊन तापलं की आमच्याकडं रोज हलतं, आम्ही मान वर करून बघतही नाही. पण त्या दिवशी ती बोट दाखवत गेली तसतसं मला त्या थरथरत्या हवेत खरंच काहीतरी दिसायला लागलं. भिंती. खिडक्या. दोरीवर वाळणारी धुणी. कुणीतरी बाई गॅलरीतनं पाणी ओततीय.

"मान्सं कवा येनार?" मी विचारलं.

"काही पाच-दहा वर्षांनी. काही त्याच्याही पुढं. आम्ही पुढच्या पिढीपर्यंतचं पाणी धरतो."

"म्हंजी अजून जल्माला न आलेली बी धरली?"

"ती पण धरली."

"आन त्यांला तहान किती लागनार ते तुमाला आत्ताच ठावं?"

"तेच काढायला आलेय," ती म्हणाली.

हे माझ्या डोक्यात लई दिवस राहिलं. रात्री अंगणात बाजेवर पडलो की वाटायचं, कुठंतरी कुणी माणूस अजून आईच्या पोटातही नाही, त्याची आई अजून परकर-पोलक्यात खेळतीय, आणि इकडं राजुरीच्या माळावर एक पोरगी उन्हात उभी राहून त्याच्या तांब्याची सोय करतीय. माझ्या बापानंही हेच केलं होतं की. विहीर खांदली तेव्हा मी नव्हतो. त्यानं पहारीनं भोक पाडून सुरुंग लावले, दगड फोडले, डोक्यावर टोपलं घेऊन बाहेर काढले, ते कुणासाठी? त्यालाही तोंडं दिसत नव्हती. फक्त तो मोजायचा नाही. तो खांदायचा, पाणी लागेस्तोवर.

मॅडम मोजायची. एकदा आमच्या ओट्यावर बसून तिनं विचारलं, "आजोबा, माणशी दिवसाला पाणी किती लागतं तुमच्याकडं?"

"कुठला दिवस?"

"साधा दिवस."

आता साधा दिवस कुठला सांगायचा. लगीन असलं की पाणी वेगळं. घरात बाळंतीण असली की वेगळं. मयत झालं तर सगळी वाडी अंघोळ करते. जत्रेला लेकीबाळी येतात, जावई येतात, त्यांची पोरं हौदाच्या कडेला दिवसभर निसती पाण्यात हात घालून बसतात. तापानं फणफणलेला माणूस रात्रीतनं कळशी संपवतो आणि श्रावणात एखादा दिवस असा जातो की तांब्याची आठवणही होत नाही. मी तिला हे सगळं ऐकवलं. म्हटलं, बघू आता काय म्हणती.

ती म्हणाली, "म्हणून तर सरासरी काढतात आजोबा. तुमच्या घरचं लग्न आणि शेजारचं मयत एका दिवशी येत नाही. एकाचं जास्त, दुसऱ्याचं कमी, मिळून बरोबर होतं."

 मला बोलण्यात कुणी हरवतं असं फार कमी होतं, हे वाडीत कुणालाही विचारा. माझी सून सुनंदा दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती.

मग मॅडमनं आमच्या कामाची गोष्ट सांगितली. नगरासाठी धरणातनं मोठी लाइन येणार. कडेच्या वाड्याही त्यातच घ्यायच्या, घरोघर नळ द्यायचा. पण सगळ्यांना एकदम देता येत नाही. ज्या वाडीचं स्वतःचं पाणी पुरत नाही ती पहिली. जिचं पुरतं ती नंतर. तेव्हा तुमची विहीर बघावी लागेल. "सोमवारी येते," ती म्हणाली.

सुनंदा पिंपळवंडीची. कालव्याकाठचं माहेर, उसाच्या सावलीत वाढलेली, नळाला तोंड लावून पाणी प्यालेली पोर. आमच्याकडं येऊन तिला वीस-बावीस वर्षं झाली, पण चैत्र लागला की तिचा चेहरा अजून नव्या नवरीसारखा होतो, परक्या घरी आल्यासारखा. ती ब्लाउज शिवते. लगनसराई वैशाखात, गिऱ्हाइकं वैशाखात, आणि पाण्याची ओढही नेमकी वैशाखातच. पाळी येईस्तोवर विहिरीवर बसायचं, मग खेपा, मग खांदा चोळत मशीनवर बसायचं, तोवर ऊन चढलेलं. एकदा एका नवरीचं पोलकं वेळेवर झालं नाही. त्या लोकांनी पुन्हा कापड टाकलं नाही. नळ आला तर सकाळ माझी, असं ती म्हणायची. बाकी काही मागणं तिनं माझ्याकडं कधी केलं नाही.

सोमवारी मॅडम येणार म्हटल्यावर वाडीत काय झालं असेल? जे कुठल्याही घरात पावणे येताना होतं तेच झालं.

आधी बायकांनी विहीर झाडली. माझा चुलतभाऊ गेनू दोर बांधून खाली उतरला आणि दगडांत उगवलेली उंबराची रोपं त्यानं उपटून काढली. कठड्याला चुना लागला. चुन्यावर गेरूची पट्टी ओढली. शनिवारपासून कुणी पाणी शेंदलं नाही, मोटर कुणी लावली नाही. ज्यांची पाळी होती त्यांनी आपण होऊन सोडली. टँकरवाल्याकडनं, खालच्या शेततळ्यातनं, कुठनं कुठनं दोन दिवस काढले. कुणी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? पोरगी बघायला पावणं येणार असलं की घरात कुणी तिला भांडी घासत बसवतं का? विहिरीचं पाणी वर आलं, निवळ झालं, आणि त्यात निळंशार आभाळ असं बसलं की मला स्वतःला वाटलं, आपली विहीर एवढी देखणी कधी होती.

खरं सांगायचं तर आमच्या विहिरीची ख्याती अशी की तिनं कधी तळ दाखवला नाही. मी ही गोष्ट राजुरीच्या बाजारात, एसटीत, सोयरिकीत, कुठंही सांगायचो. ते खोटं नव्हतं. पण त्याच्यामागं रीत आहे. पाणी कमरेएवढं उरलं की मोटर बंद. खालचं पाणी आसरांचं. पाण्यातल्या त्या साती जणी, विहिरीच्या मालकिणी. त्यांच्या तोंडचं काढायचं नाही, असं बाप सांगून गेला. मग वैशाखात वाडी एक दिवसाआड पाणी भरते, दोन दिवसाआड भरते, गुरं खाली हाकते, पण ती कंबरभर उरतेच. असा आमचा तळ दिसत नाही.

मॅडमनं टेप सोडला, मोटर लावली, घड्याळ बघितलं, पाणी किती उतरलं, किती चढलं, सगळं केलं; कंबरभर उरलं तशी मी मोटर बंद केली, म्हटलं, खालचं काढायचं नसतं. मग टोपी काढून वारा घेत तिनं साधा प्रश्न विचारला.

"पुरतं का वाडीला?"

"पुरतं की," गेनू म्हणाला.

"उन्हाळ्यात पण?"

"लई हाय मॅडम. पावनं आलं तरी उरतं," कुणी बाई बोलली. ती बाई सुनंदाच होती. हातात पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन उभी.

आमच्या मुलखात असंच आहे. दारात आलेल्याला पाणी नाही म्हणायचं नाही. रांजण कोरडा असला तरी आधी 'बसा, पाणी घ्या' म्हणायचं आणि मग मागच्या दारानं शेजारणीकडं कळशी पाठवायची. त्यानं विचारलंच, काही अडचण आहे का, तर 'लई हाय, काय कमी न्हाई'. पावण्यापुढं तहानेचं रडगाणं गायचं नाही, ही शिकवण आईच्या दुधातनं येते. मीही मान हलवली. हलवणारच. सोलापूरची पोरगी दोन घोटांत तांब्या रिकामा करून गेली.

पाडव्याच्या आसपास गेनू पंचायतीतनं आला. गुढीच्या साखरेच्या गाठी अजून खुंटीला होत्या.

"दादा, आपून दुसऱ्या टप्प्यात."

"म्हंजी कवा?"

"पयला झाल्यावर."

"आन पयला कवा व्हनार?"

"ते म्हनत्यात, व्हईल."

खालची वाडी पहिल्या टप्प्यात गेली होती. त्यांच्याकडं मॅडम अवचित गेली, तेव्हा त्यांची विहीर जशी होती तशी होती, त्यात एक मेलेलं कुत्रंही होतं म्हणे.

"त्यांच्या हिरीला कठडाबी न्हाई," गेनू म्हणाला. "आपल्या हिरीला निदान रूप तरी हाय."

सुनंदा मशीनवर होती. पाय थांबवला नाही, मान वर केली नाही. "रूप शेंदून हंडा भरत न्हाई, गेनूमामा," ती म्हणाली आणि सुई खटखट चालू राहिली.

त्यानंतर महिनाभर तिनं मला जेवणाशिवाय हाक मारली नाही. रागावली असं नाही. खेपा घालायची, मशीन चालवायची. आणि मला दुपारी ओट्यावर बसून तो माळ दिसायचा. मृगजळात नगर रोज वाढत होतं. आता तिथं दिवे होते, पोरांचे आवाज होते, नळाखाली भांडी आपटत होती. त्या सगळ्यांना पाणी मिळालं होतं. ते अजून आलेही नव्हते.

मग आखिती आली. अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आमच्याकडं गेलेल्या माणसांच्या नावानं करा भरतात. नवं मातीचं मडकं, त्यात थंड पाणी, वर आंबा. उन्हाळ्याचे दिवस, त्या वाटेवर सावली नाही म्हणतात, पितरांना तहान लागते. माझ्या बापाचा करा, आईचा करा, आणि माझ्या मंडळीचा, हौसाचा.

सुनंदा सकाळीच विहिरीवर गेली ती उशिरा आली. पाणी गढूळ होतं. तिनं ते फडक्यातनं गाळलं, निवत ठेवलं, मग वरचं वरचं अलगद काढून करे भरले. एवढं पाणी त्या दिवशी आमच्या घरात दुसऱ्या कशाला नव्हतं. करे मांडून, हात जोडून ती माझ्याकडं वळली.

"आत्याबाईंना ठिवलं पानी. जे याचेत त्यांचं मॅडमनी ठिवलं. आता मधल्यांचं बगते कुठं मिळतंय का."

आणि रिकामी कळशी घेऊन गेली.

मी त्या कऱ्यांपुढं बसून राहिलो. मातीच्या मडक्याला पाणी पाझरून बाहेर थंड दव आलं होतं. वास सुटला होता, भिजलेल्या मातीचा. त्या वासात हौसा आली.

हौसा आंबेगावच्या वरच्या अंगाची, डोंगरातली. भाताची माणसं. पाऊस असा की चार महिने घरात चूल धुमसते आणि भिंतीला शेवाळ येतं. तिला आमच्या आण्याच्या वाऱ्यात दिली तेव्हा ती म्हणायची, तुमच्यात आभाळ लई आन पानी कमी. पुढं तिकडं धरण झालं. तिचं गाव पाण्याखाली गेलं. घर, देऊळ, उंबराचं झाड, वाट, सगळं. लोक वर सरकले, कुठं कुठं पांगले. पण वैशाख आला, धरणाचं पाणी उतरलं, की ते गाव थोडं थोडं वर यायचं. आणि ही बाई वैशाखाची वाट बघायची. साऱ्या दुनियेला पाणी उतरलं की घोर लागतो, हिचा चेहरा उजळायचा.

एकदा मी तिच्याबरोबर गेलो होतो. घोडेगावातनं पुढं एसटी, मग पायी. पाणी लांब मागं हटलेलं, मधे भेगाळलेला गाळ, आणि त्या गाळात गुडघ्याएवढ्या भिंती उभ्या. हौसा चपला हातात घेऊन त्यातनं अशी चालत होती जशी सासरहून माहेरी आलेली पोर ओसरीवर चालते. "हितं आमची चूल. हितं आई कांडायला बसायची. ह्या उंबऱ्यात मी पडले व्हते, बगा ही खूण." भिंत नसलेल्या दारातनं ती वाकून आत गेली. कपाळ लागेल म्हणून वाकली. मी म्हटलं, अगं कुठं वाकतीस, चौकट कुठं आहे? ती म्हणाली, "तुमाला दिसत न्हाई, मला दिसती."

मग एका दगडावर बसून, मागं हटलेल्या पाण्याकडं बघत तिनं म्हटलेलं मी विसरलो होतो. आखितीला, कऱ्यांपुढं, ते परत आलं. ती म्हणाली होती, "पानी उतारलं म्हंजी वंगाळच असं न्हाई. खालचं खरं दिसतं."

मी उठलो आणि मशीनपाशी गेलो. सुनंदा आली होती.

"त्या पानीवाल्या बाईला फोन लाव."

"कशाला?"

"लाव म्हनतो ना."

तिनं लावला, माझ्या कानाला धरला. मी मोठ्यानं बोलतो फोनवर, गेनू त्याच्या ओट्यावरनं ऐकत होता.

"मॅडम, मी राजुरीच्या वरच्या वाडीचा म्हातारा. हीर परत बगायला या."

"काय झालं आजोबा? नोंद झालीय तुमची. चांगली विहीर आहे."

"चांगली हाय. पन तुमी पावन्यावानी आला व्हता. आता तशा येऊ नका. सांगून येऊ नका. वार कळवू नका."

तिनं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तळापर्यंत उपसावी लागेल. मागं तुम्हीच म्हणालात, तेवढं काढायचं नसतं."

"आमी इचारतो आसरांना," मी म्हटलं.

गेनू धावत आला. "दादा, काकानं खांदलेली हीर. तिची आब्रू चवाट्यावर घालतोस?"

"आब्रू माजी हाय, हिरीची न्हाई. हिरीला काय ठावं आब्रू."

"साऱ्या मुलखाला सांगत फिरलास, तळ दिसत न्हाई म्हनून."

"मग आता बगायला बोलवीन साऱ्या मुलखाला. तुला यायचं तर ये, न्हाईतर घरात बस."

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. माझं काही अडलं नाही.

बायकांनी मात्र रीत सोडली नाही. सुनंदानं कठड्याशेजारच्या पायऱ्यांवर सात खडे मांडले, हळद-कुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या, दहीभाताचा नैवेद्य. आणि हात जोडून आसरांशी ती शेजारणीशी बोलावं तशी बोलली: "एक दीस वर बसा बाई. पाव्हनचार करीन तुमचा. पानी तुमचंच हाय, निसतं दाखवायचंय."

मॅडम आली ती नेमकी पाळीवरनं भांडण पेटलेलं असताना. दोन बायका एका दोराला धरून उभ्या, तिसरी मधे, कुणाची तरी घागर कलंडलेली, आणि एकीचं तोंड असं सुटलेलं की कठड्यावरचा चुना गळावा. जीप कुणी ऐकलीच नाही. मॅडम लांबूनच उभी राहून बघत राहिली. गेरूची पट्टी एव्हाना पुसून गेली होती. कोपऱ्यात निवडुंगाचा फड वाढलेला. दगडांतनं उंबर पुन्हा फुटलेला.

मग मोटर लावली. ती कंबरभर उरलेली रेषा आली तेव्हा माझा हात आपोआप बटणाकडं गेला. इतक्या वर्षांची सवय. मी तो हात कमरेवर ठेवला. मोटर चालू राहिली. पाणी मांडीएवढं, गुडघ्याएवढं, मग पाइपाच्या बुडाच्या झडपेनं, आमच्यात तिला फुटबॉल म्हणतात, हवा ओढली आणि मोटर खरखर करायला लागली तशी बंद करावी लागली.

आणि तळ दिसला.

मी जन्मभर त्या पाण्यावर वाकून बघितलं, पण तो तळ बघितला नव्हता. काळाकुळकुळीत ओला दगड. उन्हात चमकत होता, नुकत्याच न्हालेल्या म्हशीच्या पाठीसारखा. त्यावर पहारीनं पाडलेली भोकं होती, सुरुंगाची, माझ्या बापाच्या हातची, काल पाडल्यासारखी. आणि वास आला. शेवाळाचा, लोखंडाचा, थंड. ज्यानं ती भोकं पाडली त्या माणसाच्या घामाचा वास कसा होता तो मला आठवत नाही, पण मला वाटलं हाच असावा. कठड्याला टेकून वाडी उभी होती.

"लई लहान दिसती की खाली," गेनू हळूच म्हणाला. आला होता तो. न येऊन सांगतो कुणाला.

पश्चिमेच्या कडेला एका फटीतनं पाण्याचा धागा सुटला. बोटाएवढासुद्धा नाही. दगडावरनं घसरत एका खळग्यात जमायला लागला. मॅडम घड्याळ घेऊन बसली. आम्हीही बसलो. ऊन डोक्यावरनं सरकलं, निंबाची सावली विहिरीत उतरली, त्या धाग्यानं खळगा भरला, दुसऱ्या खळग्याला हात लावला. एवढा वेळ मी पाण्याकडं कधी बघितलं नव्हतं. पाणी येताना आवाज करत नाही. ते फक्त थोडं जास्त होतं.

ऊन कलल्यावर मॅडमनं टेप गुंडाळला. आमच्याकडं बघून तिनं तोच प्रश्न विचारला. "पुरतं का वाडीला?"

सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. गेनूनं टोपी काढून पुन्हा घातली. सुनंदा पायऱ्यांवर खड्यांपाशी उभी होती आणि तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तिच्या तोंडूनही ते निघेना. दारात आलेल्या माणसाला ते म्हणायचं नसतं.

"न्हाई," मी म्हटलं. "पुरत न्हाई."

एवढंच. वाटलं होतं, ते म्हणणं जड जाईल. तसं काही झालं नाही. उलट माझ्या पाठीवरनं कुणीतरी दगडाचं टोपलं उतरवून घेतल्यासारखं झालं. मॅडमनं लिहिलं. मग सुनंदा पुढं आली आणि घरच्या रीतीत न बसणारं दुसरं वाक्य तिनं जोडलं: "मॅडम, आज पानी न्हाई प्यायला. चहा देते, निसत्या दुधाचा."

मॅडम मोठ्यानं हसली. म्हणाली, "चालेल वहिनी. माझ्याही आईनं असाच दिलाय किती वेळा."

त्या संध्याकाळी कुणी पाणी भरलं नाही. विहीर भरायची होती. आम्ही काठावर बसलो, अंधार पडेस्तोवर, मयताला बसतात तसं म्हणवत नाही, बारशाला बसतात तसंही नाही. दोन्हीच्या मधलं काहीतरी.

पुढं वाडी पहिल्या टप्प्यात गेली. आता चर खांदून झालाय. निळा पाइप माझ्या घरापर्यंत आलाय, त्याला नळाचं तोंडही बसवलंय, पाणी मात्र अजून सुटायचंय. माळावर नगराचे रस्ते आखलेत, कुठं कुठं जोती वर आलीत. दुपारी मृगजळ तिथंच हलतं. त्यातली किती माणसं खरी आणि किती हवेतली, ते मला आताशा ओळखू येत नाही, आणि ओळखायची गरजही वाटत नाही. सगळीच तहानलेली असणार.

नळ कुठं बसवायचा यावरनं माझं आणि सुनंदाचं भांडण झालं. मी म्हणालो, पुढच्या दारी, तुळशीपाशी, आल्यागेल्याला दिसेल. ती म्हणाली, मागं, मोरीपाशी, तिथंच लागतं. मी हट्ट सोडला नाही. तिनंही नाही. माझ्या घरात राहून तिला तेवढं शिकायला मिळालंच आहे. नळ मोरीपाशी बसला.

काल ती त्या कोरड्या नळावर फडकं फिरवत होती. म्हणाली, "आबा, पानी सुटलं की पयला तांब्या तुमाला."

"मला नळाचं चालत न्हाई. मी हिरीचंच पिनार."

"ठावं हाय," ती म्हणाली. फडकं पिळलं, दोरीवर टाकलं. "तुमच्या एकट्याला पुरती ती."